बाबा सहा दिवस खोलीवर

हॅलो?… हॅलो, ताई? हो, ऐकू येतंय, बोल… बसले. बाबा बसले आणि बस सुटलीसुद्धा… आत्ताच, दहा मिनिटं झाली असतील. मी अजून स्टँडवरच आहे, बाकावर.

तिसऱ्या रांगेत, खिडकीपाशी… नाही, बंद करून दिलीय, वारा नको डोळ्याला. कंडक्टरला सांगितलंय… सांगितलं गं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेलो तर बाबाच म्हणाले, ‘त्याला तिकिटं फाडू दे.’

साडेसहापर्यंत पोचतील. तू जा स्टँडवर, आणि बॅग त्यांना उचलू देऊ नकोस… ते म्हणतीलच, मी काय म्हातारा झालोय का. म्हणू देत. वजन उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. आणि महिनाभर वर्कशॉपमध्ये पाऊल टाकायचं नाही. लाकडाचा भुसा डोळ्यात गेला तर केलं-सवरलं सगळं पाण्यात… लिहून घेतेस? घे.

पांढऱ्या झाकणाची बाटली दिवसातून सहा वेळा. हिरव्या झाकणाची तीन वेळा. दोन्हींच्या मधे पाच मिनिटं जाऊ द्यायची… एकेकच थेंब. आधी हात साबणानं धुवायचे, कोपरापर्यंत… अगं, काका तसंच करायचे. मी पहिल्यांदा घातला तर थेंब नाकावर पडला. बाबा म्हणाले, ‘ऑपरेशन डोळ्याचं झालंय.’ मग काकांनीच घातले सगळे.

कोण काका म्हणजे… काका. माझ्या खोलीवरचे… हो, खोलीवरचे…

थांब. ऐक ना. सांगतो. सगळंच सांगतो, नाहीतर संध्याकाळी बाबा सांगतील आणि मग तू मला वेगळा फोन करशील… नाही, काही वाईट झालेलं नाही. डोळा छान आहे, सकाळी डॉक्टरांनी तपासला. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसला त्यांना.

ताई, माझी स्वतंत्र खोली नाहीये.

नाही… कधीच नव्हती… दोन वर्षं, हो… खिडकी आहे. ते खोटं नव्हतं. फक्त ती काकांच्या कॉटजवळ आहे.

टेबल नाही… नाही, टेबलावरचा दिवापण नाही. अगं, मी निघालो तेव्हा बाबा काय म्हणाले होते आठवतंय ना तुला? ‘चालतं वर्कशॉप सोडून जातोयस, जा, फुटपाथवर झोपशील.’ मग पहिल्याच फोनला आईनं विचारलं, राहतोस कुठे, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, स्वतंत्र खोली आहे. एकदा खोली निघाली की तिला खिडकी आली, मग टेबल आलं, टेबलावर दिवा आला. दर फोनला एकेक वस्तू वाढत गेली. तुला सांगितलं असतं तर तू आईपाशी सांभाळत बसली असतीस, म्हणून तुलापण नाही सांगितलं… रागाव. बरोबर आहे तुझं… हो. चुकलंच.

सांगतो. तिसरा मजला, एक खोली, बाहेर एक मोरी, आणि स्वयंपाकाला पॅसेजमधला ओटा. तीन कॉट आणि आम्ही चौघं… नाही, खाली नाही झोपत कोणी. माझी आणि बेकरीवाल्याची कॉट एकच आहे… अगं एका वेळी नाही. तो रात्री बेकरीत पाव भाजतो, सकाळी आठला येतो. मी साडेसातला बाहेर पडतो. तो उठून संध्याकाळी सातला जातो आणि मी आठला येतो. उशा दोघांच्या वेगळ्या, चादरी वेगळ्या, कॉट एक. फक्त रविवारी दोघं घरी असतो, तेव्हा एक जण खाली झोपतो, आळीपाळीनं.

बरा आहे. खूप बरा आहे. घोरतो म्हणतात, पण रविवारी त्याच्याआधी मीच गाढ झोपलेला असतो, मला कुठून कळणार. 

दुसरे काका. लॉन्ड्रीवाले. बाबांचं ऑपरेशन झालं ना, त्याच हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आहेत, अकरा वर्षं झाली त्यांना या खोलीत. तारीखपण त्यांनीच मिळवून दिली. नाहीतर तीन महिन्यांनंतरची मिळत होती… हो, मी तुम्हाला सांगितलं होतं की मी खटपट केली. माझी खटपट म्हणजे काकांना सांगितलं.

आणि तिसरा मास्तर. ड्रायव्हिंग शिकवतो, म्हणून मास्तर. वय माझ्याएवढंच.

हो, हो… तेच सांगतोय. तुझा फोन आला ना, की बाबांना पाठवतेय, सहा दिवस ठेवून घे, तेव्हा मी आधी ह्या तिघांना गाठलं. मी ह्यांना म्हटलं, मी कुठेतरी बाहेर व्यवस्था बघतो. काका म्हणाले, ‘डोळ्याचा पेशंट बाहेर ठेवतात का? इथेच आण.’ म्हटलं, पण मी घरी सांगितलंय की खोली माझी एकट्याची आहे. तर मास्तर म्हणाला, ‘मग सहा दिवस तुझी एकट्याची. आम्ही पाहुणे.’

खरंच. नाटक बसवलं आम्ही. बेकरीवाला तर म्हणाला, ‘मी बेकरीतच झोपेन दिवसाचा, काही अडत नाही.’ काका आणि मास्तर संध्याकाळी यायचे, दारावर टकटक करायचे, स्वतःच्याच खोलीच्या दारावर. ‘काय, आहेस का घरी?’ म्हणायचे. मी म्हणायचो, या ना, बसा. मग गप्पा मारतामारता उशीर झाला असं म्हणून इथेच पडायचे… हसू नकोस. बुधवारी पहिल्या दिवशी जमलंही.

म्हणजे मला वाटलं जमलं. बाबांचा एक डोळा अधू होता, दुसरा चांगला आहे ना. मोरीत दात घासायचे ब्रश चार. दाराशी चपला पाच जोड. आणि दारामागे कपड्यांच्या खुंट्या चार, प्रत्येकीवर वेगळ्या मापाचे शर्ट. बाबांनी सुतारकीत आयुष्य घालवलंय, त्यांना माप कळणार नाही का.  मास्तर उशीर झाला म्हणून पडला तेव्हा फक्त एवढं म्हणाले, ‘तुझे मित्र फार लवकर दमतात.’

नाही, नाही, माझ्याशी तसे बोलतच नव्हते. दोन वर्षांत फोनवर ‘आई शेजारी गेलीय’ यापलीकडे मला दुसरं वाक्य माहीत नाही त्यांचं. आलो, बसलो, पाणी दे, एवढंच.

गुरुवारी ऑपरेशन. मला साहेबांनी सुट्टी दिली ती अकरानंतरची. सकाळी एका इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली होती, आत एक बाई आणि तिचा कुत्रा, आणि ती लिफ्ट दुरुस्त करायला मलाच पाठवलं. मग बाबांना न्यायचं कुणी? मास्तर म्हणाला, ‘मी सोडतो, गाडी आहेच.’ … त्याच्या क्लासची, डोक्यावर पाटी असलेली. पण आठ वाजता त्याची एक शिकवणी होती. मग काय, शिकणाऱ्या बाईच गाडी चालवायला, मास्तर शेजारी, बाबा मागे.

अगं सांभाळून आणलं. मास्तरच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो ना. ताशी पंधराच्या वर गाडी गेलीच नाही. वळणावर बाईंना गाडी उलटी घ्यावी लागली तेव्हा म्हणे बाबाच मागून सांगत होते, ‘घाई नको, आधी माप घ्या, मग हात चालवा.’ उतरल्यावर त्या बाई बाबांना थँक्यू म्हणाल्या.

हो, मी बाराला पोचलो. पट्टी बांधून बसले होते. काकांनी लॉन्ड्रीतून मधल्या सुट्टीत येऊन सगळे कागद केले होते. खोलीवर आलो तर काकांनी दोन डझन रुमाल उकळून, वाळवून, इस्त्री करून ठेवलेले. म्हटलं, काका, एवढे कशाला? तर म्हणाले, ‘हातासरशी होतात रे.’ हातासरशी दोन डझन. मास्तर मऊ भात करून ठेवून गेला होता.  मी नुसता रुमालाच्या घड्या मोजत बसलो.

थांब ना, तिकडेच येतोय. पितळ उघडं पडलं ते शुक्रवारी.

शुक्रवारी सकाळी काकांनीच बाबांना नेऊन पट्टी काढून आणलं, काळा चष्मा लावून खोलीत बसवलं आणि ते कामावर गेले. मीपण कामावर. आणि बेकरीवाला आला, धुतलेले कपडे न्यायला. त्याला वाटलं बाबा हॉस्पिटलमध्ये असतील. दार उघडलं तर बाबा समोर. हा कॉटखालून आपली पेटी ओढतोय आणि बाबा बघतायत… हो, माझ्या कॉटखालून.

बाबांनी विचारलं, ‘तू झोपतोस कुठे?’ आता तो माणूस असा आहे ताई, की त्याला खोटं बोलायला आधी तयारी लागते. म्हणाला, ‘सध्या मैद्याच्या पोत्यांवर.’ बाबा म्हणाले, ‘आणि एरवी?’  मग कॉटकडे बोट केलं त्यानं.

मला त्यानं नंतर सांगितलं. म्हणाला, तुझे बाबा उठले. स्वतःची चादर काढली, घडी घातली. विचारलं, ‘तुझी चादर कुठाय?’ त्यानं दिली तर ती स्वतः अंथरली. म्हणाले, ‘झोप.’ तो म्हणाला, नाही हो बाबा, तुम्ही पेशंट. तर म्हणाले, ‘मला डॉक्टरांनी झोपायला नाही सांगितलं, वाकायला नको सांगितलंय. झोप.’

मी त्या दिवशी लवकर निघालो, चारला पोचलो. दार लोटलं तर बाबा लाकडी खुर्चीवर, पाठ सरळ, काळा चष्मा. आणि कॉटवर बेकरीवाला गाढ. मी काही बोलणार तर बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. ‘हळू,’ म्हणाले. ‘झोपलाय.’

अकरापासून, ताई. पाच तास त्या खुर्चीत बसले होते. खुर्ची करकरते म्हणून हलले नव्हते.

हो… मला पण…

नाही, रागावले नाहीत. मी पॅसेजमध्ये चहा ठेवत होतो, तिथे आले. मी म्हटलं, बाबा, खोटं बोललो मी. स्वतंत्र खोली नाही. म्हणाले, ‘दिसलं.’ मग कप हातात घेत म्हणाले, ‘फुटपाथचं बोललो होतो मी. तेव्हा तुझ्या जागी मी असतो तर मीपण खोलीच सांगितली असती.’ एवढंच. आणि चहात साखर जास्त पडलीय म्हणाले.

आई आहे का जवळ?… ऐकतेय? स्पीकरवर आहे?… कधीपासून? बरं. आई, तू रडू नकोस… तूपण रागाव, पण रडू नकोस… अगं जेवतो ना. चौघांत आळीपाळीनं करतो. माझा वार बुधवार आणि शनिवार… येतं आता. पहिले दोन महिने नाही यायचं. तेव्हा मास्तर म्हणायचा, बुधवार आला की मला उपासाची आठवण होते… आणि मागच्या पावसाळ्यात मला ताप आला होता ना… तुला सांगितलं नव्हतं, हो, तेपण नाही. नऊ दिवस. बेकरीवाला बेकरीतून येऊन माझ्या उशाशी खाली बसून झोपायचा, कॉट माझ्याकडे म्हणून. जाऊ दे आई, झालं ते. बरा झालो.

ताई, ऐक, खरी गंमत पुढे आहे. शनिवारी मालकीणबाई आल्या. खोलीचा नियम आहे, पाहुणा दोन रात्री, तिसरी नाही. भिंतीला खिळा नाही. खालच्या मजल्यावरच्या मुलांना ह्याच कारणावरून काढलंय त्यांनी गेल्या वर्षी, चौघांना एका दिवसात. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘कोण हे? किती दिवस झाले?’ मास्तर म्हणाला, कालच आले. काका म्हणाले, परवा. एकाच वेळी. झालं, मला वाटलं आता चौघांचं सामान रस्त्यावर, आणि माझ्यापायी. काकांनी अकरा वर्षं काढलीत तिथे.

बाबा उठले. म्हणाले, ‘बाई, मी ह्याचा बाप. बुधवारी आलो, सोमवारी जाईन. ही मुलं खोटं बोलली ती माझ्यासाठी, आणि त्यांना ते येत नाही हे तुम्ही बघताच आहात.’  मग म्हणाले, ‘तुमचं खालचं दार फरशीला घासतंय. तीन दिवस ऐकतोय. बिजागरी उतरलीय. मला वाकायची मनाई आहे, पण मुलगा वाकेल.’

मी. आणखी कोण… हो, मीच. स्क्रू काढले, खाली पातळ फळी सरकवून दार उचललं, बिजागरी पुन्हा बसवली. बाबा खुर्ची टाकून लांब बसलेले. मालकीणबाईंनी दार उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं. दहा वर्षं म्हणे रोज कमरेनं ढकलत होत्या. म्हणाल्या, ‘सोमवार ना? ठीक.’ आणि जायला वळल्या तर बाबा म्हणतात, ‘जिन्याखाली ते जुनं दार पडलंय, ते विकणार आहात का?’

हो ना. तिथूनही काम काढलं. बोटाच्या पेरांनी ठोकून बघून आले होते आधीच. म्हणाले, ‘लाकूड जिवंत आहे.’ बाईंनी देऊन टाकलं.

रविवारी सगळे घरी होतो. मास्तरच्या एका शिकाऊचं फर्निचरचं दुकान आहे, तिथून करवत, रंधा, सगळं आणलं त्यानं. कापाकापी गच्चीवर, आणि बाबा खाली खोलीत, दार लावून, भुसा नको म्हणून. मी मापं घेऊन वर जायचो. काका आणि मास्तर ते जुनं दार धरायचे, मी कापायचो. दोन वर्षांनी करवत हातात घेतली, ताई. पहिले चार हात मारले आणि खालून खोलीच्या खिडकीतून बाबांचा आवाज, ‘दाबू नकोस, तिचं वजन तिला पुरे.’ आवाजावरून, एक मजला खालून. मग पुन्हा, ‘तिरकी चाललीय, डावीकडे.’ बघतो तर खरंच तिरकी. मास्तर म्हणाला, ‘तुझ्या बाबांचा डोळा नाही, कान तपासायला हवा होता.’

कॉट केली. आमच्या कॉटखाली सरकून जाते अशी, बुटकी, दीड वीत उंच. रविवारी बाहेर ओढायची, एरवी आत. भिंतीला एक खिळा नाही. बेकरीवाल्यानं त्यावर आडवा होऊन बघितलं आणि दहा मिनिटांत घोरायला लागला. घोरतो खरंच.

बाबा… बाबांनी सगळी चाचपून बघितली, कडेनं हात फिरवत. मी उभा. मला वाटलं, आता सांगतील कुठे काय चुकलं. म्हणाले, ‘ऐकत होतो मी. नंतर सरळ गेली.’

वर्कशॉपबद्दल? नाही. एकदाही नाही. परत ये म्हणाले नाहीत.

आज सकाळी एक झालं. तपासणी संपवून निघालो. डोळ्यांचा विभाग पाचव्या मजल्यावर आहे, मी जिन्याकडे वळलो, कारण बाबा लिफ्टला नेहमी नावं ठेवतात ना, ‘दिवसभर वर-खाली करायला शहरात गेला.’ तर तेच लिफ्टपाशी थांबले. म्हणाले, ‘हीच का ती तुझी?’ म्हटलं, ही नाही, पण अशीच. आत शिरलो. म्हणाले, ‘मधे कोणी हात घातला तर दाराला कळतं कसं?’ मी सांगायला लागलो. खाली आलो तरी सांगत होतो. तर त्यांनी पुन्हा पाचचं बटण दाबलं. म्हणाले, ‘दोर कुठून कसा जातो ते राहिलं.’ दोनदा वर-खाली केलं आम्ही. माझा उस्ताद कोण, हात कुठे जपायचा, सगळं विचारलं. मी एवढं सलग त्यांच्याशी कधी बोललोच नव्हतो गं, घरी असतानासुद्धा.

हो, आले ना सगळे स्टँडवर. मास्तरनं बॅग आणली. काकांनी रुमाल दिलेत, डझनभर, वरच्याच कप्प्यात आहेत, तेच वापर. बेकरीवाला ड्यूटी संपवून परस्पर आला, गरम पाव घेऊन. बाबांनी त्याला म्हटलं, ‘आता जा, झोप जाऊन.’ गेला तो. बाकी दोघं गेले कामाला, मी एकटाच बसलोय.

नाही गं, रडत नाहीये. बसेसचा धूर आहे इथे.

मी विचार करत होतो, की ह्या लोकांना मी दोन वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. सांगण्यासारखं माझ्याकडे एवढं होतं आणि मी टेबलाचं सांगत बसलो… हो. येईन. दिवाळीची वाट नाही बघत, पुढच्या महिन्यात त्यांना तपासणीला आणायला मीच येतो… कुठे उतरणार म्हणजे? खोलीवरच. मालकीणबाईंनी स्वतः विचारलंय, परत कधी येताय. त्यांच्या कपाटाचं दार लागत नाही.

चल, मला दोनला कामावर पोचायचंय… हो आई, जेवतो. हो… हो, तिघांना सांगतो तुझा निरोप. तिघांना वेगवेगळा सांगतो.

ताई, एक कर. साडेसहाला ते उतरले की तू मला फोन करू नकोस… अगं ऐक ना. तुझा फोन त्यांच्या हातात दे. त्यांनाच लावू दे… नाही बोलले काही तर नाही बोलले. नुसतं ‘पोचलो’ म्हणाले तरी खूप झालं… हो. मी लिफ्टच्या टपावर असलो तरी उचलीन.

ठेवतो.